बाजूची खुर्ची

त्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एक टेबलाला भिडवलेली, दुसरी हातभर मागे, जरा तिरकी. हॉलमध्ये शिरताना मी ते पाहिलंही नव्हतं. मंगळवार होता, 26 ऑगस्ट, हरतालिकेचा दिवस. घरी साबुदाणा भिजत होता, पोटात सकाळचा फक्त चहा होता आणि माझ्या मांडीवर निळी फाइल होती. कॉलेजच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये प्रवेशाची टेबलं मांडलेली. पायाखाली बॅडमिंटन कोर्टाच्या पिवळ्या-पांढऱ्या रेघा, रबराचा आणि फरशीच्या पॉलिशचा मिसळलेला वास, आणि शेकडो मुलांचा तो दबका गलबला. मोठ्याने बोलायचं धाडस नाही आणि गप्प बसवतही नाही, असा. आमचा नंबर आला. टेबलापलीकडच्या शिक्षकांनी माझ्या मुलाशी हात मिळवला, त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि निकालाचा कागद मागितला. मी मागच्या खुर्चीत बसले, फाइल उघडून तयार.

"मॅथ्स, केमिस्ट्री, फिजिक्स. अजून हेच हवंय?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

शिक्षकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यात जराही तुसडेपणा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. मग ते पुन्हा मुलाकडे वळले आणि गप्प राहिले. चार-पाच सेकंदं असतील. मुलगा बोटाने निकालाच्या कागदाचा कोपरा दुमडत होता, सरळ करत होता, पुन्हा दुमडत होता. मग त्याने विचारलं, "फिजिक्सच्या जागी जॉग्रफी घेता येईल?"

"येईल ना. पण का?"

"त्याला फिजिक्समध्ये आठ..." मी सुरुवात केली होती. वाक्य अर्ध्यावर राहिलं, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. शिक्षक मुलाकडेच बघत होते आणि मुलगा त्यांच्याकडे. आणि मग त्याने त्या अनोळखी माणसाला, इंग्रजीत, माझ्या माहेरच्या घराची गोष्ट सांगितली.

विषय बदलल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते आठवडाभरात निवळलं. निवळलं नाही ते वेगळंच. प्रश्न त्याला होता.

उत्तर मी दिलं होतं.

आम्ही इंग्लंडमधल्या हँपशरमध्ये राहतो, बेसिंगस्टोकला. इथल्या बहुतेक सरकारी शाळा सोळाव्या वर्षी संपतात. लंडनकडे पुष्कळ शाळांना स्वतःचं सिक्स्थ फॉर्म असतं, मूल त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांच्या नजरेखाली आणखी दोन वर्षं काढू शकतं. आमच्याकडे ती सोय नाही. जीसीएसई, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, झाली की प्रत्येकाने उठून नवीन जागी जायचं. म्हणून इथे त्याची तयारी वर्षभर आधीपासून चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळच्या वेळी कॉलेजं आपली दारं उघडतात. पीटर सायमंड्स, फार्नबरो, क्वीन मेरीज ही नावं पालकांच्या तोंडी अशी येतात, जशी आमच्या वेळी विलिंग्डन आणि फर्ग्युसन यायची. मग अर्ज, मग छोटीशी मुलाखत, मग अमुक ग्रेड मिळाल्या तर जागा तुझी असं सांगणारं पत्र, जुलैत एक-दोन दिवस नमुन्याच्या तासांना बसणं, आणि शेवटी ऑगस्टमधल्या गुरुवारी निकाल. या सगळ्यात मी पूर्ण बुडाले होते. कुठल्या कॉलेजला कुठली ट्रेन, कुठल्या विषयाला गणितात सहाची ग्रेड चालते आणि कुठे सातची लागते (नऊ ही सगळ्यात वरची), हे मला तोंडपाठ होतं. निळ्या फाइलमध्ये सगळं क्रमाने लावलेलं होतं. पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा, कॉलेजचं पत्र, सोळावं लागायच्या आधी सरकारकडून येतो तो नॅशनल इन्शुरन्स नंबरचा कागद. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलासाठी सरकार देतं तो भत्ता, त्यांचंही पत्र त्यातच होतं: मुलगा पुढे शिकणार आहे हे कळवलं नाही तर 31 ऑगस्टनंतर पैसे थांबतील. ते मी आलं त्याच रात्री कळवून टाकलं होतं. त्या फाइलचं मला समाधान होतं. रात्री सगळे झोपल्यावर ती उघडून कागद नुसते चाळायलाही बरं वाटायचं.

ती फाइल माझ्याकडे कुठून आली हे मला माहीत आहे.

1995 च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला तेव्हा सांगलीत पाऊस नुकता धरला होता. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी रजा टाकली आणि पहाटे साडेपाचला छत्री घेऊन विलिंग्डनच्या दारात जाऊन उभे राहिले, फॉर्मच्या रांगेत. मी नऊ वाजता सायकलवरून पोहोचले तेव्हा त्यांच्या पुढे वीसेक माणसं होती आणि मागे ओळ फाटकाबाहेर गेली होती. त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचा कागद, त्यात मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. त्यांच्या ऑफिसातल्या गॅझेटेड साहेबांकडून सही-शिक्क्यानिशी खऱ्या करून आणलेल्या. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यांनी मला डब्यातली आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी रांगेतच खायला लावली, स्वतः खाल्ली नाही. खिडकीवर पोहोचल्यावर फॉर्म घेतला, शेजारच्या कट्ट्यावर पिशवी पसरून बसले आणि आपल्या पेनने भरायला लागले. नाव, जन्मतारीख, टक्के. शाखा या रकान्यापाशी क्षणभरही न थांबता त्यांनी लिहिलं: विज्ञान. त्यांचं अक्षर फार सुरेख. मला आठवतं, पावसाच्या थेंबाने 'ज्ञ' जरासा फुटला तेव्हा त्यांनी किती हळुवारपणे टिपकागद लावला होता.

मला संस्कृत घ्यायचं होतं. दहावीत शंभरात सत्त्याण्णव होते. हे त्यांना माहीत होतं का? मला नाही वाटत. मी कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. शंभरातल्या नव्वद घरांत तसंच होतं. पुढे मी मायक्रोबायॉलॉजी केली, आज इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, आणि मला माझं काम आवडतं. प्लेटवर रात्रभरात उगवलेली वसाहत सकाळी उजेडात धरून बघण्यात जे सुख आहे त्याची मी कशाशी अदलाबदल करणार नाही. तेव्हा बाबांनी माझं नुकसान केलं असं म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. पण त्या कट्ट्यावर मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, छत्री धरून, त्यांचा फॉर्म भिजू नये म्हणून. फॉर्मवर नाव माझं होतं. तरी माझ्या मनात तो त्यांचा फॉर्मच होता.

बाबांची स्वतःची अकरावी आणखी वेगळी. ते जुन्या मॅट्रिकचे. त्यांच्या वेळी अकरावी म्हणजे शाळेचा शेवट, आणि त्यांच्यासाठी शिक्षणाचाही. पुढे शिकवायला घरात पैसे नव्हते. माझी अकरावी म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष. आणि इथे इयर इलेव्हन म्हणजे पुन्हा शाळेचा शेवट. कॉलेज सुरू होतं ते बारावं वर्ष. मुलाला हे एकदा समजावून सांगत होते तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी आणि आजोबा सेम." मी हसले होते. आता वाटतं, अकरावीच्या पलीकडे आपला नातू जाणार या एका गोष्टीची बाबांना केवढी असोशी असेल.

उन्हाळा लांबलचक होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचा पेपर, आणि तिथून थेट सप्टेंबर. शेवटच्या दिवशी मुलगा घरी आला तो पांढरा शर्ट सह्यांनी भरून. पाठीवर, बाह्यांवर, कॉलरच्या आतसुद्धा. मार्करच्या स्पिरिटचा वास त्या शर्टाला आठवडाभर होता. धुवायचा नाही असं त्याने बजावलं म्हणून मी तो तसाच कपाटात टांगला, ब्लेझरशेजारी. ब्लेझर आता कुणाच्याच उपयोगाचा नाही, कॉलेजला गणवेश नसतो. पाच वर्षं दर रविवारी रात्री तो टायचा सुटलेला धागा आणि ब्लेझरच्या खिशातली चुरगळलेली रॅपरं, हे माझं काम होतं. जुलैत एका रविवारी इस्त्री तापवली आणि लक्षात आलं, इस्त्री करायला काही नाही.

कॉलेजने प्रत्येक विषयाचा सुट्टीतला अभ्यास दिला होता. गणिताचा तो गठ्ठा मी पाहिला. बीजगणित, बीजगणित आणि बीजगणित. जीसीएसईत नऊ मिळवणारी मुलंही ए-लेव्हलच्या, म्हणजे कॉलेजातल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या महिन्यात इथेच अडखळतात, असं सगळेच सांगतात, म्हणून मी रोज विचारायचे, किती झालं? रोज उत्तर यायचं, होतंय. फिजिक्सचा गठ्ठा तसाच कोरा पडला होता. मला तो दिसला होता. मी त्याचा अर्थ आळस असा लावला. आणि ज्या पुस्तकात तो रात्री डोकं घालून बसलेला असायचा ते नद्यांबद्दलचं होतं, याला मी विरंगुळा म्हटलं. समोर इतकं उघड असताना मला कसं दिसलं नाही, याचा विचार मी बरेचदा केला आहे. मला वाटतं, मी कागद बघत होते.

त्याने त्या हॉलमध्ये सांगितलेली गोष्ट अशी.

2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सुट्टीला सांगलीत होतो. तो दहा वर्षांचा. बाबांचं घर गावभागात, जुनं, नदीपासून फार लांब नाही. सांगलीतल्या माणसाला आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात लोक एकमेकांना आधी तेच विचारतात: किती झालं? चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. बाबांनी तर जन्म पाटबंधाऱ्यात काढलेला. निवृत्त झाल्यावरही रोजचा पाऊस आणि पुलाची पातळी ते एका वहीत लिहितात. त्या आठवड्यात ते नातवाला घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बघायला जायचे. मुलगा येऊन मला आकडा सांगायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता "हो का" म्हणायचे. मग एका रात्री बाबा वही मिटून म्हणाले, "सामान वर घ्या." पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं ते आवाज न करता. लोंढा वगैरे काही नाही. फरशीच्या सांध्यातून आधी ओल वर आली, मग उंबऱ्यावरून एक तपकिरी जीभ आत सरकली. आम्ही पहाटे विश्रामबागला मावशीकडे गेलो. पाणी पुढे सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. आठवड्याने परतलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती आणि सगळ्या घराला एक गोडसर, कुजका वास. तो वास मी विसरू शकत नाही. मुलगा त्या रेघेपाशी पट्टी धरून उभा होता. बाबांनी त्याला ती मोजून वहीत लिहायला लावली होती.

हे सगळं मलाही माहीतच होतं, मी तिथेच होते. मला माहीत नव्हतं ते पुढचं. तो त्या शिक्षकांना म्हणाला, "धरणं भरलेली होती, खाली पाऊस होता, खडक बेसॉल्टचा, पाणी मुरत नाही. आजोबांना दोन दिवस आधी माहीत होतं. ते सगळ्यांना सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं. मला हे शिकायचंय, म्हणजे लोक ऐकतील असं कसं सांगायचं ते." मग जरा थांबून, "आणि आम्ही राहतो तिथून जवळ टेस्ट नदी सुरू होते. ती खडूच्या दगडातली आहे. ती अशी चढत नाही. मला दोन्ही समजून घ्यायच्यात."

शिक्षकांनी कागदावर फिजिक्स खोडून जॉग्रफी लिहिलं आणि मुलाकडे सहीला सरकवलं. त्याची सही अजून नीट ठरलेली नाही, प्रत्येक वेळी वेगळी येते. मी फाइल मिटली. तिच्यातला एकही कागद त्यांनी मागितला नव्हता. निकाल आणि ओळखपत्र मुलाच्याच खिशात होतं.

रात्री नवऱ्याचं आणि माझं बोलणं झालं, दार लोटून. तो इंजिनीअर आहे. त्याची काळजी खोटी नव्हती. फिजिक्स सोडलं की इथल्या पुष्कळ विद्यापीठांत इंजिनीअरिंगच्या बऱ्याच शाखांचं दार बंद होतं, आणि सोळाव्या वर्षी तीन विषयांवर येऊन थांबणं ही पद्धत मला आजही निर्दय वाटते. आपल्याकडे बारावीपर्यंत मूल पाच-सहा विषय धरून असतं. एखाद्या विषयाशी भांडत भांडत त्याच्या प्रेमात पडायला तेवढा वेळ तर मिळतो. इथे दुसरीही बाजू आहे, आणि मला तिचं कौतुकही आहे: शास्त्र की कला की वाणिज्य असा एकच शिक्का बसत नाही. गणित, इतिहास आणि जीवशास्त्र असं कुणी घेतलं तर कुणी भुवई उंचावत नाही. मला कुणी 1995 मध्ये सांगितलं असतं की संस्कृत आणि केमिस्ट्री एकत्र घे, तर? नवऱ्याला मी हे काही बोलले नाही. तो म्हणाला, "आपल्याला आधी सांगायला काय झालं होतं त्याला?" मी म्हणाले, "आपण विचारलं होतं का?" त्यावर बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. मोदकांचा नारळ खवायचा राहिला होता, मी उठून तो खवायला बसले.

सप्टेंबर सुरू झाला आणि माझे दिवस विचित्र मोकळे झाले. सकाळी सव्वासातला त्याला स्टेशनला सोडते. सोळा-सतरा वयाच्या मुलांना अर्ध्या तिकिटाचं कार्ड मिळतं, पासालाही लागू, ते त्याने स्वतःच ऑनलाइन काढलं. गळ्यात कॉलेजची पट्टी आणि ओळखपत्र, कानात इअरफोन, पाठीवर सॅक. मागे वळून बघत नाही. बुधवारी एक वाजताच घरी येतो, कारण मधले तास मोकळे असतात. मोकळे म्हणजे स्वतःच्या अभ्यासाचे, हे वाक्य मी पहिल्या महिन्यात किमान वीस वेळा म्हटलं असेन. शिक्षकांना तो नावाने हाक मारतो, नुसत्या पहिल्या नावाने. ते ऐकून माझ्या आत अजून काहीतरी आकसतं. मी आजही कॉलेजातल्या बाईंना भेटले तर वाकून नमस्कार करते. पण त्याच शिक्षकांबद्दल तो ज्या आपुलकीने बोलतो तशी मी माझ्या सरांबद्दल कधी बोललेले नाही, हेही खरं.

ऑक्टोबरात केमिस्ट्रीची पहिली चाचणी झाली. डी. ज्या मुलाने शाळेत आठ-नऊच्या खाली पाहिलं नव्हतं त्याला डी. कॉलेजचं पालकांसाठीचं पोर्टल आहे, मी ते उघडलं असतं तर मला आधीच कळलं असतं. मी उघडलं नव्हतं. फार ताकद लागली त्याला, खरंच सांगते. रोज रात्री बोट त्या चिन्हापाशी जायचं. तो स्वयंपाकघरात आला, फ्रिज उघडून उगाच उभा राहिला आणि आत बघतच म्हणाला, "आई, डी आला." मी कांदा चिरत होते. जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं: सांगितलं होतं ना, सुट्टीतला अभ्यास, बुधवारची दुपार, क्लास लावू का. मी कांदा चिरत राहिले. दोन कांदे पुरे होते, मी चार चिरले. मग तो स्वतःच म्हणाला, "मी पाठ केलं होतं, समजून घेतलं नव्हतं. गुरुवारी लंच टाइमला ते मदतीला बसतात, जाणार आहे." आणि फ्रिज बंद करून गेला. त्या रात्री कांद्याची भजी केली. काहीतरी करायलाच हवं होतं.

मला वाटतं, माझी अडचण त्यातच आहे. बाबांच्या प्रेमाला करायला काम होतं. पहाटेची रांग होती, छत्री होती, खऱ्या करून आणायच्या प्रती होत्या. भिजलेले पँटचे पाय मी डोळ्यांनी पाहिले, त्यामुळे ते प्रेम आहे की नाही असा प्रश्न मला कधी पडला नाही. इथे रांग नाही. अर्ज मूल स्वतः भरतं, ईमेल त्याला येते, मुलाखतीला तो एकटा आत जातो. माझा मुलगा माझे भिजलेले पाय कधी बघणार?

याच सुमारास आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी एकीचा फोन आला. नाशिकचं कुटुंब, दीड वर्षापूर्वी आलेलं, मुलगी आता इयर इलेव्हनमध्ये. कॉलेजांच्या खुल्या संध्याकाळी सुरू झाल्या होत्या आणि त्या बाई फार धास्तावल्या होत्या. "ताई, क्लास कुठला लावायचा? कटऑफ कितीला लागते? चांगलं कॉलेज नाही मिळालं तर पोरीचं काय होणार?" मी त्यांना म्हणाले, या घरी. एका शनिवारी त्या आल्या, आणखी तीन घरांतली मंडळी आली, चहा झाला, आणि माझी निळी फाइल पुन्हा कामाला आली. मी मनापासून सगळं सांगितलं. इंग्रजी आणि गणितात चार आलेच पाहिजेत, नाहीतर कॉलेजात जाऊनही ते दोन विषय पुन्हा करत राहावे लागतात. ए-लेव्हल हा एकच रस्ता नाही, बीटेक आहे (आपली बी.टेक.ची पदवी नव्हे, शाळेनंतरचा व्यवसायाकडे नेणारा कोर्स), 2020 पासून तशाच टी-लेव्हल आहेत, आणि त्यांना कमी लेखू नका, माझ्या लॅबमधली एक हुशार मुलगी बीटेक करूनच आली आहे. अठरा वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण कायद्यानेच करावं लागतं, तेव्हा पोरगी रस्त्यावर येणार नाही. पैशाची ओढाताण असेल तर कॉलेजात बर्सरीचा, म्हणजे आर्थिक मदतीचा, अर्ज असतो, प्रवासाला, पुस्तकांना. मागायला लाजू नका. एकाच कॉलेजवर अडून बसू नका, दुसऱ्या जागीही अर्ज ठेवा. आणि निकालाच्या आठवड्यात भारताचं तिकीट काढू नका. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतं, मूल आजीकडे आणि प्रवेश इथे.

बायका वहीत लिहून घेत होत्या. नाशिकच्या बाईंची मुलगी पायऱ्यांवर बसून माझ्या मुलाशी काहीतरी बोलत होती. मी सहज तिला हाक मारून विचारलं, "तुला काय घ्यायचंय गं?"

"तिला मेडिकलला जायचंय," तिची आई म्हणाली. "म्हणजे बायो, केमिस्ट्री..."

मी काही बोलले नाही. मुलीकडे बघत राहिले. माझ्या स्वयंपाकघरात ती शांतता पसरली तेव्हा मला कळलं की त्या हॉलमध्ये शिक्षकांना ती धरून ठेवायला किती जड गेलं असेल. आईला वाईट वाटेल, मुलगी अवघडेल, आपण आगाऊ ठरू. मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला अजून माहीत नाही, काकू," ती म्हणाली. तिची आई पटकन माझ्याकडे वळली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला बोललेलं लागलं होतं की तिला तिचं काही आठवलं होतं, मी विचारलं नाही. मी तिच्या कपात अजून थोडा चहा ओतला. जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या वडलांनी माझं डी.एड. ठरवलं होतं. मला चित्रकला." एवढंच. चपला घालत होती.

बाबांना मी जॉग्रफीचं लगेच सांगितलं नव्हतं. धीर होत नव्हता. ते आता ऐंशीचे आहेत, आणि नातू इंजिनीअर होणार हे त्यांनी गावभागातल्या अर्ध्या लोकांना सांगून ठेवलेलं. दिवाळीत पाडव्याला फोन लावला तेव्हा मुलगा शेजारी होता. मी म्हणाले, "बाबा, त्याला तुमच्याशी बोलायचंय," आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"आजोबा, मी फिजिक्स सोडलं. भूगोल घेतला."

पलीकडे पंखा फिरत होता. बाबांना हल्ली ऐकू कमी येतं, मला वाटलं पोहोचलं नाही. मी पुढे झुकले, पुन्हा मोठ्याने सांगायला. मुलाने माझ्याकडे न बघता हात जरासा आडवा केला.

"भूगोल," बाबा म्हणाले. "नदीचा?"

"नदीचाच. इथे आम्हाला स्वतः एक अभ्यास करायचा असतो, पाण्यात उतरून, मोजमाप घेऊन. त्याला मार्क असतात. आजोबा, तुमच्या वह्या आहेत अजून? पुलाच्या?"

"एकोणीस सालची भिजली." ते थांबले. "वाळवली. पानं चिकटलीयत, पण आकडे दिसतात. पेन्सिलनं लिहिलेलं जात नाही, तुला तेव्हा सांगितलं होतं."

"हो. म्हणून मी पेन्सिलच वापरतो."

बाबा चष्मा शोधायला उठले, पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची आणि मागची भिंत राहिली. नवीन रंगाखाली ती रेघ अजून उमटून दिसते. मग ते वह्यांचा गठ्ठा घेऊन परत आले, सुतळीने बांधलेला, आणि गाठ सोडवता सोडवता त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठं गेली?"

"इथंच आहे," मुलगा म्हणाला. "बाजूला बसलीय."